मी सोडलेला बँड

सरळच सांगतो, मला त्यांचं चांगलं झालेलं बघवत नाही. लोक म्हणतात, अरे, तुझेच मित्र ना, तुला आनंद व्हायला पाहिजे. पाहिजे, पण होत नाही, त्याला काय करू? आमच्या बँडमधून मी बाहेर पडलो त्याला सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत मला एकच गोष्ट खरी ठरायला हवी होती: मी गेलो आणि बँड संपला. त्यांचं वाईट व्हावं असं अजिबात नाही. त्यांची घरं सुखात असावीत, नोकऱ्या टिकाव्यात, फक्त गाणं तेवढं बंद पडलेलं असावं. आणि कधीतरी रस्त्यात गाठ पडल्यावर त्यांच्यातल्या एकानं कबूल करावं की, भावा, तू होतास तोवर होतं. एवढंच मागणं होतं माझं.

आम्ही चौघं होतो. गायला मी. गिटारला माझा कॉलेजातल्या बाकावरचा मित्र, वर्गात कमी आणि कँटीनमध्ये जास्त दिसायचा तो. ड्रमवर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचा एकजण, मूळचा हलगी वाजवणारा. त्याचे हात बघून आम्हीच त्याला ड्रमवर बसवला. आणि बेस गिटारला एक मुलगी. बेस म्हणजे काय हे कोल्हापुरात अजून निम्म्या लोकांना सांगावं लागतं: जाड तारांची ती गिटार, वाजत असते तेव्हा तिच्याकडं लक्ष जात नाही, थांबली की मात्र काहीतरी गेलं असं वाटतं. मुलगीही तशीच. वडिलांचं गडहिंग्लजकडं भुसारी दुकान, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं 'मी येतो, मी जातो' म्हणणारी. म्हणजे बोललीच तर. सात वर्षं ती माझ्या मागं तीन फुटांवर उभी राहून वाजवत होती आणि तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं.

आमचं एक गाणं गाजलं. मलकापूरच्या रस्त्यावर जे वडाप चालतं ना, नऊ माणसांच्या जीपमध्ये एकोणीस कोंबून नेणारं, त्याच्यावर मी ते लिहिलं होतं. वडापवाला दर थांब्याला ओरडतो तेच धृपद: सरका की, सरका. दुपारी लिहिलं, संध्याकाळी चाल लागली, आणि वर्षभर त्या गाण्यानं आम्हाला खाली बसू दिलं नाही. गणपतीत तेच, वरातीत तेच, कॉलेजच्या गॅदरिंगला तर सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. जोतिबाच्या पायऱ्यांवरच्या खोबरं-गुलालाच्या दुकानात मला ओळखून लोक म्हणायचे, "पावणं, सरका कीवालं तुम्हीच न्हवं?" चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. अजून आवडेल.

पुढच्या वर्षी दुसरंच कुणाचं तरी गाणं आलं. आम्ही 'सरका की'च्या धर्तीवर आणखी चार काढली. एक ऊसतोडीवर, एक तालमीवर, दोन आता मलाच आठवत नाहीत. कुणी ढुंकून बघितलं नाही. गॅदरिंगची बोलावणी थांबली. गणपती मंडळांनी भिंतीएवढे स्पीकर आणून लावले, त्यात माणसं कशाला लागतात?

मग आमची भांडणं सुरू झाली. गिटारवाला म्हणायचा, "जरा थांबूया मर्दा. हे आपलं न्हाय राहिलं. नवं काय तरी शोधूया." मी म्हणायचो, शोधायचं काय त्यात, आवाज वाढवूया. मला गाणं शिकवलं माझ्या वडिलांनी. ते आमच्या समाजाच्या गायन पार्टीत गायचे, जयंतीला, वर्षावासाला, गावोगावच्या विहारांपुढं. पेटी, ढोलक आणि लाऊडस्पीकरचा एक कर्णा. त्यांचा नियम एकच: गल्लीच्या पार टोकाला, उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे. ती तिकडं मान हलवायला लागली तर तू गायलास, नाहीतर नुसता ओरडलास. दहाव्या वर्षी मी त्या म्हातारीपर्यंत पोचलो होतो. म्हणून मला कमी आवाजातलं गाणं म्हणजे गाणाऱ्याची लाज वाटायची. कोल्हापुरात तर हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात.

आमची सराव करायची जागा गेली तेव्हा ड्रमवाल्यानं त्याच्या चुलत्याचं बंद पडलेलं गुऱ्हाळ उघडून दिलं. ऊस गाळायचा चरक गंजलेला, रस आटवायची मोठी काहिल रिकामी, भिंती काळ्याभोर, आणि सगळ्याला गुळाचा शिळा वास. ते चाललं असतं. पण वीज शेतीची. आज दिवसा, उद्या रात्री, परवा लाईनमनची मर्जी. गिटारला करंट नाही, माईकला करंट नाही. एका रविवारी सकाळी नऊला आम्ही जमलो आणि दुपारी एकपर्यंत लाईट आली नाही. ते तिघं तरीही वाजवत बसले होते. साधी लाकडी गिटार, हलगीवर नुसती बोटं, आणि ती बाई न जोडलेल्या बेसच्या तारा छेडत होती, ज्याचा आवाज शेजारच्यालासुद्धा येत नव्हता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "लाईट न्हाय तिथं कसला बँड? भजनी मंडळ काढा." आणि बॅग उचलून निघालो. मला वाटलं होतं, कुणीतरी मागून येईल. गिटारवाल्यानं खाली मान घातली होती. ड्रमवाला एवढंच म्हणाला, "तुझा डबा ऱ्हायलाय बघ." मी डबा घेतला आणि आलो.

त्यानंतर मी साउंडच्या धंद्यात शिरलो. स्पीकर, माईक, मिक्सर भाड्यानं देतो. धंदा बरा आहे. रिसेप्शनला कुणी ओळखलं तर ट्रॅक लावून 'सरका की' म्हणतोही. मागे एका लग्नात एक पोरगं मला म्हणालं, "काका, हे गाणं तुम्ही अगदी त्या ओरिजिनलवाल्यासारखंच म्हणता." बायको हसली. मला हसू आलं नाही.

पहिली दोन वर्षं त्यांची काही खबर नव्हती आणि माझी झोप उत्तम होती. कुणी भेटलं की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, काय रे, आमचे लोक काय करतात? काही नाही बहुतेक, असं उत्तर आलं की वर तोंडानं 'अरेरे' म्हणायचो.

मग एका रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलं. फोटोत तिघं त्या रिकाम्या काहिलीच्या काठावर बसलेले. लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं की या बँडनं गाजलेपण उतरल्यावर स्वतःचा आवाज शोधला, आणि त्यांच्या गायिकेचा बोलल्यासारखा स्वर मनात राहतो. गायिका. ती. माझ्या मागची. 'सरका की'बद्दल एकच ओळ होती: उमेदवारीच्या काळातलं एक लोकप्रिय गाणं. आणि माझ्याबद्दल त्याहून कमी: तेव्हा बँडमध्ये आणखी एक गायक होता. नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं ते मला त्या सकाळी कळलं. मी ते पान कितीदा वाचलं याचा हिशेब नाही. शेवटी बायको म्हणाली, "पाठ झालं असंल की आता. म्हणून दाखवा."

पुढं मग ऐकूच यायला लागलं. पुण्याला गेले, तिथं शंभरेक लोक जमिनीवर बसून ऐकत होते म्हणे. शंभर. आमच्या पुढं हजारो नाचायचे. मी स्वतःला हे सांगायचो आणि तरीही पोटात दुखायचंच. कारण हजारो नाचले त्यातल्या एकानंही कधी मला सांगितलं नव्हतं की तुझं गाणं माझ्या मनात राहिलं.

एकदा जोतिबाला कार्यक्रमाचा साउंड लावायचा होता. टेम्पो पुढं पाठवला आणि मी मोटरसायकल गुऱ्हाळाच्या रस्त्याला वळवली. बांधावर थांबलो. काहीच ऐकू येईना. आत कुठंतरी बरं वाटलं, की बंद पडलं वाटतं. पण दाराशी तीन गाड्या लावलेल्या होत्या. चालत चालत उसाच्या कडेनं भिंतीपर्यंत गेलो, तेव्हा कुठं आवाज आला. लाईट नव्हती. तिघं तसेच वाजवत होते, अगदी त्या रविवारसारखे, पण आता त्यात काहीतरी घट्ट झालं होतं. एक थांबला की दुसरा थांबायचा, कुणी खूण न करता. ती गात होती. मला शब्द लागले नाहीत, एवढं हळू. दहा मिनिटं उभा राहिलो आणि आलो तसा परत फिरलो. वाटेत मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, भिंतीला कान लावून ऐकावं लागणारं गाणं कोल्हापूरच्या हॉलमध्ये टिकेल काय? लोक उठून जातील. ही खात्री मी पुढं वर्षभर जपली.

यंदा त्यांचा पहिल्यांदा गावात मोठा कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी चारला, नाटकाच्या थिएटरात. आयोजकांना आमचं पूर्वीचं काही ठाऊक नव्हतं; त्यांनी साउंडसाठी मलाच फोन केला. माणसं पाठवून देता आली असती. मी स्वतः गेलो. का गेलो ते लपवत नाही: मला त्यांना पडताना बघायचं होतं, आणि तेही पहिल्या रांगेतून.

गिटारवाल्यानं मला बघितलं आणि मिठीच मारली. केस पांढरे झाले होते. "तूच हायस व्हय साउंडला? मग काय काळजीच न्हाय." ड्रमवाल्यानं तब्येत विचारली, वडिलांची विचारली. तिनं मान हलवून हसून बघितलं. तिघांचं हे चांगुलपण मला खुपत होतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

हॉल भरला. पहिली दोन गाणी झाली, टाळ्या पडल्या, अदबीच्या. तिसऱ्याला तिनं माईक जवळ घेतला आणि सुरू केलं:

देवापुढं कानडी बोलतो माझा अप्पा,
गिऱ्हाइकापुढं मराठी.
माझ्यापुढं काय बोलावं
त्याला अजून सुचलं न्हाय.

बस्स, एवढंच कडवं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ते मी लिहायला पाहिजे होतं. माझा बाप गल्लीच्या टोकाच्या म्हातारीपर्यंत पोचायचा आणि घरी आला की जेवताना माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. हे सगळं माझ्यापाशी होतं. आणि मी लिहिलं काय, तर वडाप.

मी मिक्सरवरचं तिच्या माईकचं बटण खाली ओढलं. आधी थोडं. मग निम्म्याच्याही खाली. शुद्धीवर होतो, हात माझाच होता. चेहऱ्यावर असा भाव आणला की काहीतरी बिघडलंय आणि मी शोधतोय, वाकून एक-दोन वायरीही हलवल्या. गिटार आणि बेस होते तेवढेच ठेवले, म्हणजे ती त्यांच्याखाली गाडली जाणार. आता आरडाओरडा होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गावात ऐकू आलं नाही तर लोक गप्प बसत नाहीत. झालंही तसंच. मागून एकजण ओरडला, "ऐकू येईना झालंय ओ!" दुसऱ्यानं शिट्टी मारली. मला जे सुख झालं ते सांगायची लाज वाटते, पण झालं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. गाणं थांबवलं नाही. बेस गळ्यातून काढून खाली ठेवला आणि माईक सोडून स्टेजच्या कडेला आली. गिटारवाल्यानं, जसं काही ठरलेलंच होतं, वायरीची गिटार ठेवून लाकडी घेतली. ड्रमवाला काठ्या टाकून हलगी मांडीवर घेऊन बसला, नुसती बोटं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. लाईट गेल्यावर सहा वर्षं हेच करत आले होते ते. आणि मी मूर्ख, मला वाटलं होतं आवाज काढून घेतला की त्यांच्याकडं काही उरणार नाही.

शिट्टी मारणारा गप्प झाला. कुणीतरी कुणालातरी 'श्श' केलं. लोक खुर्च्यांच्या काठावर सरकले, पुढं वाकले. आणि मधेच हॉलचे सगळे पंखे थांबले. मला वाटलं लाईटच गेली, पण दिवे चालू होते. घरघर बंद झाली आणि तिचा आवाज एकदम आला, शेवटच्या रांगेपर्यंत, काहीही न करता. उकाड्यात सातआठशे माणसं घामाघूम होऊन बसली होती, आणि एकही जण हातातल्या कागदानं वारासुद्धा घेत नव्हता. माझ्यापुढं मिक्सरचे दिवे लुकलुकत होते आणि त्या हॉलात कुणाला त्याची गरज नव्हती. उरलेला सगळा कार्यक्रम त्यांनी तसाच केला.

संपल्यावर पुण्याहून आलेले एक गृहस्थ मला शोधत आले. म्हणाले, "साउंड तुमचा ना? इतका कमी ठेवायला धाडस लागतं हो." मी म्हटलं, थँक्यू. गिटारवाला तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भावा, तुला कळलं. आम्ही सगळ्यांना सांगून दमलो, आवाज कमी ठेवा म्हणून. तुला न सांगता कळलं." मी पाठ थोपटून घेतली.

सगळे चहाला गेले आणि मी वायरी गुंडाळत बसलो. ती आली. समोर उभी राहिली.

"मुद्दाम केलंस ते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी एक वायर पुरी गुंडाळली. मग म्हटलं, "व्हय."

"बघत होतो मी. तुझा हात दिसत होता."

"मग त्यानं पाठ थोपटली तवा सांगायचंस की त्याला."

"कशाला? त्याला लई बरं वाटलंय. वाटू दे."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारून बसलो. "मी परत आलो तर? गायला न्हाय म्हणत मी. हे बघायला. साउंडला."

तिनं खरंच विचार केला, ते मला दिसलं.

"नको," ती म्हणाली.

"राग हाय अजून?"

"राग न्हाय रे. तू गायला लागलास की दुसऱ्याला गावंसंच वाटत न्हाय, एवढं भारी गातोस तू. सात वर्षं मागं उभा होतो मी, मला ठावं हाय. तू नुसता शेजारी येऊन बसलास तरी मी परत गप्प बसणार. भ्या वाटतं मला त्याचं."

एवढं बोलून ती चहाला गेली. माझ्या गाण्याचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते मला बाहेर ठेवण्यासाठी होतं.

मी स्पीकर उतरवायला लागलो. हॉलचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. सातला नाटक होतं, त्याला झाडून घ्यायचं होतं. "पावणं, उरका जरा," म्हणाला, पण गेला नाही, तिथंच खुर्चीच्या पाठीला रेलून उभा राहिला. त्याला बोलायचं होतं.

"मधी ऐकू येईना, बगितलंसा न्हवं? मी तिकडं दाराशी हुतो. म्हटलं, पोरीचा आवाज बारीक, पंख्याच्या घरघरीत चाललाय सगळा. कुणी सांगितलं न्हाय मला. गेलो आन् सगळी बटणं पाडली." त्यानं बोटानं बटणं पाडून दाखवली. "आलं का न्हाय मग ऐकू?"

"आलं," मी म्हटलं.

तो हसला. खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि झाडू आणायला गेला. त्या दिवशी त्या गाण्याला बाहेरच्या दोघांचे हात लागले होते, एक त्याचा आणि एक माझा. मी स्पीकर खांद्यावर घेतला, आणि त्या शिपायाचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा त्या तिघांचा मिळूनसुद्धा कधी वाटला नव्हता.